झाकण

पुण्याहून माणसं आली. हातात पांढरे मोजे.
मी म्हटलं, काढा ते, धूळ आहे, काळे होतील.
म्हणाले, म्हणूनच घातलेत.

राजेशमची चित्रं माळ्यावर होती,
काही पत्र्याखाली, गळतं तिथं खोचलेली,
आणि एक रांजणावर.
ते दोघांनी मिळून उचललं, श्वास रोखून.
"याची वरची बाजू कुठली?"
रांजण गोल आहे, बाई. मी काय सांगू?

फोटो मागितला त्यांनी.
माझ्या विडी कार्डावर आहे एक,
'अवलंबून असलेले' या रकान्यात,
अर्ध्या कपाळावर शिक्का.

जेकॉर्डचे पुठ्ठे ते. भोकाभोकांचे.
चादरीवर मोर उठवायला पाडलेली भोकं.
मालकानं माग भंगारात घातले
तेव्हा अशोक चौकापासून पोतं ओढत आणलं यानं,
उन्हातानात, अनवाणी.
मला वाटलं, जळण आणलं. खूश झाले होते मी.

रंग डाईंगवाल्याकडचा, पिंपात तळाला राहिलेला,
डाळिंबी, मोरपंखी, कुठला कुठला.
पांढरा तेवढा विकत.
पांढऱ्याची एक ट्यूब म्हणजे माझ्या सातशे विड्या.
मी मोजायची, आणि द्यायची,
आणि देताना बोलायची, ते वेगळं.

गिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली तरी
त्याला भोंगा ऐकू यायचा.
कधी पहाटे तीनला, कधी भर जेवणात.
ताटावरून उठायचा. "अक्का, डबा."
मी द्यायची. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा.
दारापर्यंत जायचा, चपला घालायचा,
तिथूनच वळून आत यायचा
आणि भिंतीकडं तोंड करून बसायचा कामाला.
सुट्टी झाली की डबा खायचा. कुणी केली सुट्टी, तोच जाणे.
रविवारी ब्रश धरला नाही कधी.
रविवारी गिरणी बंद असते म्हणायचा.

दवाखान्यात नेलं. शॉक दिले.
महिनाभर भोंगा गप्प.
महिनाभर हा ओट्यावर, हात मांडीवर, बोटं स्वच्छ.
शेजारीण म्हणाली, बरं झालं बाई, सुधारला.
मग एका दुपारी मान वर करून म्हणाला, "अक्का, डबा."
मी सिद्धेश्वराला नारळ फोडला त्या दिवशी.
हे लिहू नका.

गड्ड्यावर बसला होता एका जत्रेत,
फुगे फोडायची बंदूक इकडं, बांगड्यांचं दुकान तिकडं,
मधे पोत्यावर चित्रं.
तीन दिवस. एक माणूस थांबला,
हातगाडीवर नाव रंगवून घेऊन गेला.
घरी येऊन म्हणाला, गिऱ्हाईक सुरू झालं.

गेला तो पाण्याचा दिवस होता.
आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी,
म्हणून लक्षात आहे.
मी रांजण भरत होते. भरून झाल्यावर कळलं.

मोजेवाली बाई पुठ्ठा उजेडाला धरून म्हणाली,
"ही भोकं म्हणजे हरवलेला काळ. केवढी पोकळी आहे यात!"
मी म्हटलं, हा मोराचा पाय आहे.
हे पीस. इथं धागा वर, इथं खाली.
जन्म गेला आमचा त्यात, आम्हाला वाचता येतं.
तिनं वहीत लिहून घेतलं.
मग मीच बघत राहिले.
रंग भोकाच्या काठापर्यंत यायचा आणि थांबायचा.
चाळीसएक पुठ्ठे, भोकं हजारो,
एक बुजवलेलं नाही.
सुई जायला वाट ठेवली होती त्यानं.
उद्या माग लागला असता
तर चाललं असतं ते.

परवा कुरिअरनं जाड पुस्तक आलं.
कव्हरवर रांजणाचं झाकण.
उलटं छापलंय की सुलटं, देव जाणे,
कडेला माझ्या तांब्याची गोल खूण मात्र आहे.
आत त्याचं नाव. आडनाव चुकलंय थोडं.
गल्लीतली पोरं येऊन बघून गेली.
शेजारीण म्हणाली, नशीब काढलं बाई तुझ्या भावानं.

रांजणावर आता ताटली ठेवते.
बसत नाही नीट.
रात्री वाऱ्यानं वाजते,
आणि मी उठून बसते.